पाणी गाळले, विष कोठे गेले?

आपल्या बोलीत एक चमत्कारिक गोष्ट रूढ होऊन बसली आहे. पिकावर फवारावयाच्या विषाला आपण सर्रास 'औषध' म्हणतो. 'आज वांग्यावर औषध मारावयाचे आहे,' असे सकाळी म्हणणारा शेतकरी सायंकाळी घरी आल्यावर तापाने फणफणलेल्या लेकराला चमचाभर 'औषध' पाजतो, आणि एकच शब्द दोहोंकडे वापरताना त्याच्या मनाला यत्किंचितही संकोच वाटत नाही. परंतु शब्द सौम्य झाला म्हणून वस्तू सौम्य होत नाही. विष ते विषच.

हे लिहिण्यात शेतकऱ्याला दोष देण्याचा हेतू मुळीच नाही. डोक्यावर कर्ज आहे, उभ्या पिकावर अळी पडली आहे, आणि दुकानदार बाटली पुढे करीत आहे. अशा वेळी उपदेश करणे सोपे आणि शेत राखणे कठीण. तथापि बाटलीतून बाहेर पडलेले द्रव्य पिकावरच थांबत नाही, हे आपण जाणले पाहिजे. त्यातील काही अळीला लागते, काही वाऱ्यावर जाते, काही मातीला चिकटून बसते. आणि पावसाची पहिली जोरदार सर आली की राहिलेल्यांपैकी काही भाग ओढ्याची व विहिरीची वाट धरतो. ज्या विहिरीवर सुनेचा हंडा भरतो, त्याच विहिरीची ही वाट असते.

मग प्रश्न असा की, पाण्यात उतरलेले हे विष पुन्हा बाहेर काढता येते काय? येते. गेल्या काही दशकांत शास्त्रज्ञांनी त्यासाठी अतिसूक्ष्म पटले तयार केली आहेत. त्यांची हकिगत आपल्या कुटुंबांना ठाऊक असावी, म्हणून हा लेख. परंतु त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न उभा राहतो, आणि तो यंत्र विकणारा कोणी विचारीत नाही: पाण्यातून काढलेले ते विष जाते कोठे?

राऊची भूमी

ह्या विचारासाठी आपण दृष्टीसमोर एक गाव घेऊ. मुंबईहून आग्ऱ्याकडे जाणाऱ्या जुन्या मार्गाने महू ओलांडले की इंदूर शहराच्या अलीकडे राऊ लागते. इंदूर म्हटले की आपल्या वाचकांना धन्य भगिनी राणी मारिया आठवतील. गोरगरिबांना सावकारी पाशातून सोडविण्यासाठी झटणाऱ्या ह्या भगिनीची १९९५ साली हत्या झाली, आणि ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरातच त्यांना 'धन्य' म्हणून घोषित करण्यात आले. होळकरांच्या काळापासून ह्या परिसरात मराठी कुटुंबे नांदत आहेत. तेव्हा माळव्याचा हा मुलूख आपणांस परका नाही.

राऊच्या आसमंतात खरिपाला सोयाबीन, रब्बीला गहू, हरभरा आणि बटाटा. जमीन काळी, कसदार. पावसाळ्यात ती फुगते आणि उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात. तिच्याखाली आपल्या सह्याद्रीच्याच जातीचा काळा पाषाण आहे, आणि त्या पाषाणाच्या फटीफटींतून पाणी वाहते. वाळूच्या जाड थरातून पाणी हळूहळू झिरपले तर ते वाटेत बरेच निवळते. खडकाच्या फटीतून उतरणाऱ्या पाण्याला तेवढी सवड मिळत नाही. वर जे सांडले, ते खाली लवकर पोहोचू शकते.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. महूजवळच्या जानापाव डोंगरावर चंबळ नदी उगम पावते. गंभीर नदीही तेथलीच. ह्या गंभीर नदीवर होळकरांच्या काळी बांधलेल्या यशवंत सागराचे पाणी इंदूर शहर पिते. चंबळेचे पाणी पुढे यमुनेला व गंगेला मिळते. डोंगराच्या दक्षिण उतारावर पडलेला पाऊस मात्र नर्मदेकडे धावतो, आणि ते नर्मदेचे पाणीही जलूद येथून सुमारे ७० किलोमीटर वाहून आणून १९७८ पासून इंदुरास पुरविण्यात येत आहे. म्हणजे ह्या एका टापूत जे सांडेल, ते कोणाच्या ना कोणाच्या पेल्यात जावयाचेच. 'माझा शेजारी कोण?' ह्या शास्त्र्याच्या प्रश्नाला पाण्याने दिलेले उत्तर फार लांबवर जाते.

एक चमचा आणि पाच हजार टँकर

किती विष पाण्यात चालते? २००३ च्या फेब्रुवारीत दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट ह्या संस्थेने बाजारातील बाटलीबंद पाण्यात कीटकनाशकांचे अंश सापडल्याचे जाहीर केले, तेव्हा हा प्रश्न घरोघर पोहोचला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शीतपेयांविषयी तसाच अहवाल आला. संसदेने श्री. शरद पवार यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त समिती नेमली, आणि २००४ साली त्या समितीने संस्थेचे निष्कर्ष ग्राह्य मानले. दरम्यान बाटलीबंद पाण्याचे मानकही कडक करण्यात आले. कोणतेही एक कीटकनाशक लिटरमागे ०.०००१ मिलिग्रॅमहून अधिक नसावे आणि सर्व मिळून ०.०००५ मिलिग्रॅमहून अधिक नसावीत, असा तो दंडक आहे.

हे आकडे वाचून काही बोध होत नाही, म्हणून त्यांचा हिशेब मांडू. पहिल्या मर्यादेनुसार १ ग्रॅम विष १ कोटी लिटर पाण्याला पुरते. दहा हजार लिटरचा एक टँकर धरला, तर हे हजार टँकर झाले. चहाच्या चमच्यात ५ ग्रॅम शुद्ध विष मावते असे समजा. तो एक चमचा पाच हजार टँकर पाणी मर्यादेच्या काठावर आणून ठेवील. नळाच्या व विहिरीच्या पाण्यासाठी २०१२ चे जे भारतीय मानक आहे, त्यात प्रत्येक विषाची मर्यादा निराळी व बहुतेकांची काहीशी सैल आहे. उदाहरणार्थ, अ‍ॅट्राझीन ह्या तणनाशकाला लिटरमागे २ मायक्रोग्रॅम आणि एन्डोसल्फानला ०.४ मायक्रोग्रॅम, आणि मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लक्षावा भाग. तरीही हिशेबाचा धडा बदलत नाही. जे डोळ्यांना दिसत नाही, जिभेला लागत नाही, नाकाला कळत नाही, ते ह्या मर्यादा ओलांडून गेलेले असू शकते.

आपले परंपरागत उपायही येथे अपुरे पडतात. पाणी उकळल्याने जंतू मरतात; पण बहुतेक कीटकनाशके उकळण्याने जात नाहीत, उलट पाणी आटल्यामुळे त्यांचे प्रमाण किंचित वाढते. तुरटीने गढूळपणा खाली बसतो. विरघळलेले विष बसत नाही. आजीने शिकविलेले हे उपाय टाकून द्यावेत असे नव्हे. जुलाब, कावीळ, विषमज्वर ह्यांपासून त्यांनी असंख्य लेकरे वाचविली आहेत. परंतु हा शत्रू निराळा आहे.

जाळ्याचे आस

समुद्रकाठच्या वाचकांना जाळ्याचा दृष्टान्त लगेच पटेल. मोठ्या आसाच्या, म्हणजे मोठ्या भोकांच्या जाळ्यात पापलेट अडकते. जवळा निसटून जातो. जवळा धरावयाचा तर जाळे बारीक आसाचे हवे. पाण्याच्या गाळण्यांचेही तसेच आहे.

पाण्यातील रोगजंतू साधारणतः मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा असतो. ह्या मापाला मायक्रॉन म्हणतात. 'अल्ट्राफिल्ट्रेशन' नावाच्या पटलाची छिद्रे मायक्रॉनच्या शंभराव्या भागाच्या आसपास असतात. तेथे जंतू सहज अडतो. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने विजेवाचून चालणारे असे घरगुती गाळणयंत्र विकसित केले आहे, व जंतू आणि गढूळपणा ह्यांसाठी ते फार उपयुक्त आहे. परंतु विरघळलेल्या कीटकनाशकाचा रेणू मायक्रॉनच्या हजाराव्या भागाच्या आसपास असतो. जंतूला अडविणाऱ्या जाळ्यातून तो जवळ्यासारखा निसटतो.

त्याला धरण्यासाठी आणखी दोन बारीक जाळी आहेत: एक 'नॅनोफिल्ट्रेशन' आणि दुसरे 'रिव्हर्स ऑस्मॉसिस', ज्याला आपण 'आर. ओ.' म्हणून ओळखतो. हायड्रोजनच्या अणूचे वजन १ धरले तर पाण्याच्या रेणूचे वजन १८ भरते, अ‍ॅट्राझीनचे सुमारे २१६ आणि एन्डोसल्फानचे सुमारे ४०७. नॅनोफिल्ट्रेशनचे पटल सामान्यतः २०० ते ४०० च्या पुढच्या रेणूंना अडविते, आर. ओ. चे त्याहून बारीक असते. म्हणजे एन्डोसल्फानसारखा जाडजूड रेणू नॅनोच्या जाळ्यात सापडतो, तर अ‍ॅट्राझीन काठावर असल्याने त्याच्यासाठी पटल पारखून निवडावे लागते. काही विषे प्रथम पटलाला चिकटून बसतात व पुष्कळ दिवसांनी हळूहळू पलीकडे पाझरू लागतात; म्हणून नव्या पटलाच्या पहिल्या दिवशीच्या परीक्षेवर फार विसंबून राहू नये. शंभर टक्के अडविणारे पटल अद्याप निर्माण झालेले नाही.

आबे नोले यांची बरणी

ह्या विद्येच्या मुळाशी एक धर्मसेवक आहे, हे वाचून आपणांस कौतुक वाटेल. झाँ-आंत्वान नोले हे फ्रान्समधील डीकनपदाची दीक्षा घेतलेले विद्वान. लोक त्यांना 'आबे नोले' म्हणत. १७४८ साली त्यांनी एका पात्रात मद्यार्क भरून त्याचे तोंड डुकराच्या मूत्राशयाच्या कातड्याने घट्ट बांधले व ते पात्र पाण्यात बुडवून ठेवले. काही तासांनी पाहतात तो कातडे फुगून वर आलेले! सुईने टोचताच आतला द्रव कारंज्यासारखा उसळला. बाहेरचे पाणी कातड्यातून आपण होऊन आत शिरले होते, पण आतला मद्यार्क मात्र तितक्या सहजी बाहेर येऊ शकला नव्हता. एकाला वाट देणारा व दुसऱ्याला अडविणारा पडदा सृष्टीत आहे, हे त्या दिवशी माणसाला उमगले.

पुढे दोनशे वर्षांनी, १९६० च्या सुमारास, अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरीराजन यांनी ही क्रिया उलटी फिरविणारे कामचलाऊ नव्हे, तर खरोखर उपयोगी पटल बनविले. खाऱ्या पाण्यावर जोराचा दाब दिला की पाणी पटलातून पलीकडे जाते आणि मीठ अलीकडे राहते. १९६५ साली कॅलिफोर्नियातील कोअलिंगा ह्या गावी असे पाणी लोकांना पुरविण्यात येऊ लागले. आपल्या देशात भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायने संशोधन संस्थेने ह्या पटलांवर मोठे काम केले आहे. मीठ अडविण्यासाठी निघालेले हे जाळे पुढे विष अडविण्याच्या कामी आले.

पॅरिसच्या उत्तर उपनगरांतून वाहणाऱ्या वाझ नदीच्या पाण्यात शेतांवरील तणनाशकांचे, विशेषतः अ‍ॅट्राझीनचे, अंश उतरत असत. तेथील मेरी-स्युर-वाझ येथे १९९९ साली नॅनोफिल्ट्रेशनचा प्रचंड कारखाना सुरू झाला. दिवसाला १ लक्ष ४० हजार घनमीटर, म्हणजे १४ कोटी लिटर, पाणी गाळण्याची त्याची क्षमता. त्यातील सर्व पटले उलगडून पसरली तर ३ लक्ष ४० हजार चौरस मीटर भूमी झाकतील. आपल्या मापाने हे चौऱ्याऐंशी एकरांचे शेत झाले. नदीच्या पाण्यातून चिमूटभर विष वेचून काढण्यासाठी एवढा खटाटोप! आणि विशेष हे की एवढे जाळे पसरूनही फ्रान्स तेवढ्यावर थांबला नाही. २००३ साली तेथे अ‍ॅट्राझीनचा वापरच बंद करण्यात आला.

उरलेले पाणी

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. पटल विषाला मारीत नाही, जाळीत नाही, पचवीत नाही. ते केवळ वेगळे करते. चार लिटर पाणी घरगुती आर. ओ. यंत्रात घातले व एक लिटर शुद्ध मिळाले, तर चार लिटरांतले जवळजवळ सारे विष उरलेल्या तीन लिटरांत जमा होते. मोठ्या कारखान्यात शंभर लिटरांतून ऐंशी लिटर शुद्ध काढले, तर उरलेल्या वीस लिटरांतले विष पूर्वीच्या पाचपट दाट होते. जेवढी बचत अधिक, तेवढे उरलेले पाणी अधिक जहाल.

पुष्कळ घरी ह्या यंत्राची बारीक नळी मोरीत सोडलेली असते, मोरीचे पाणी परसात जाते आणि परसाजवळ शेजाऱ्याची विहीर असते. आपल्या घरचा पेला स्वच्छ झाला. शेजारणीच्या हंड्याचे काय? ज्याच्या पदरी यंत्र घेण्याचे पैसे आहेत त्याने आपल्या वाट्याचे विष गाळून, ज्याच्या पदरी पैसे नाहीत त्याच्याकडे ढकलावे, ही शुद्धी ख्रिस्ती माणसाला शोभणारी नव्हे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली आपल्या विश्वपत्रात शेती व उद्योग ह्यांमुळे भूमीखालचे पाणी दूषित होत असल्याकडे जगाचे लक्ष वेधले, आणि पिण्यायोग्य पाणी हा प्रत्येक मनुष्याचा मूलभूत हक्क आहे असे ठामपणे शिकविले. हक्क प्रत्येकाचा आहे. यंत्र घेऊ शकणाऱ्याचा तेवढा नव्हे.

विष एका दारातून दुसऱ्या दारी जाते म्हणजे काय, हे राऊच्या लोकांनी अलीकडेच फार जवळून पाहिले. भोपाळचा युनियन कार्बाइडचा कारखाना कीटकनाशकांचाच होता. १९८४ च्या डिसेंबरातील वायुकांडाने हजारो जीव घेतले. पण वायू विरून गेल्यावरही कारखान्याच्या आवारातले रासायनिक अवशेष तेथेच पडून राहिले, भोवतालच्या वस्त्यांचे भूजल दूषित झाले, आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयाला त्या वस्त्यांना स्वच्छ पाणी पुरविण्याचा आदेश द्यावा लागला. त्या अवशेषांपैकी सुमारे ३३७ टन १ जानेवारी २०२५ च्या रात्री बारा बंद वाहनांतून भोपाळहून निघाले आणि दुसऱ्या दिवशी पिथमपूरला पोहोचले. हे पिथमपूर राऊपासून पंधरा-वीस किलोमीटरांवर आहे. लोक रस्त्यावर उतरले. आमच्या विहिरींचे काय, यशवंत सागराचे काय, असे ते विचारू लागले. पुढे न्यायालयाच्या देखरेखीखाली तो कचरा टप्प्याटप्प्याने जाळण्यात आला व जून २०२५ च्या अखेरीस ते काम संपले. धूर मर्यादेत होता, असे शासनाच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने सांगितले. परंतु जाळल्यावर राख उरली, आणि ती कोठे पुरावी हा प्रश्न पुन्हा न्यायालयापुढे गेला.

चाळीस वर्षे गेली, अडीचशे किलोमीटरांचा प्रवास झाला, भट्टी पेटली, विझली. आणि तरीही 'आता हे ठेवावयाचे कोठे?' हा प्रश्न शिल्लकच. कारखान्याचे जे झाले तेच लहान प्रमाणावर प्रत्येक मोरीचे होते. निर्माण करणे सोपे, वेगळे करणे कठीण, आणि नाहीसे करणे सर्वांत कठीण.

संदेष्टा झऱ्याकडे गेला

पवित्र शास्त्रातील राजांच्या दुसऱ्या ग्रंथात अलीशा संदेष्ट्याची गोष्ट आहे. यरीहोचे लोक त्याच्याकडे गाऱ्हाणे घेऊन आले: नगर रम्य आहे, पण पाणी वाईट आहे आणि भूमी फळ देत नाही. संदेष्ट्याने काय केले? घरोघरचे घडे गोळा करून त्यांवर प्रार्थना केली नाही. नव्या पात्रात मीठ घेऊन तो जेथून पाणी उगम पावते त्या झऱ्याकडे गेला, आणि तेथे परमेश्वराच्या नावाने पाणी निरोगी केले. ह्या गोष्टीतला चमत्कार देवाचा. पण संदेष्टा झऱ्याकडे चालत गेला, हे पाऊल आपणही उचलू शकतो.

आपल्या पाण्याचा झरा म्हणजे आपली भूमी. आणि भूमीलाही स्वतःचे एक जाळे आहे. शेणखताने व पालापाचोळ्याने पोसलेल्या मातीतले काळे सत्त्व पुष्कळ विषांना धरून ठेवते, आणि त्या सत्त्वावर जगणारे असंख्य सूक्ष्म जीव त्यांतील कित्येकांचे तुकडे करून त्यांना निरुपद्रवी करतात. मनुष्याने बनविलेले पटल जे करू शकत नाही, ते जिवंत माती काही अंशी तरी करते: ती विषाला केवळ अडवीत नाही, पचविते. अर्थात तिच्या पचनालाही मर्यादा आहे. डी. डी. टी. सारखी काही द्रव्ये मातीत वर्षानुवर्षे टिकतात. १९८९ साली भारतातील शेतीत त्याचा वापर बंद झाला तो उगाच नव्हे. एन्डोसल्फानवरही सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली बंदी घातली.

ह्या जिवंत मातीचा धडा जगाला इंदुरानेच दिला, हे राऊच्या शेजारचे भूषण आहे. १९२४ साली सर आल्बर्ट हॉवर्ड यांनी होळकर संस्थानाच्या भूमीवर इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री ही संस्था उभारली. काडीकचरा, शेण, माती व राख ह्यांचे थर रचून, वेळच्या वेळी ते ढीग उलटून उत्तम खत करण्याची रीत त्यांनी तेथे बसविली. हिंदी शेतकऱ्याला मी माझा गुरू मानले, असे सांगण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. त्यांच्यासोबत काम करणारे यशवंत वाड हे त्यांचे सहलेखक. १९३१ साली दोघांच्या नावाने त्या पद्धतीचे पुस्तक निघाले, आणि 'इंदूर पद्धत' हे नाव देशोदेशी गेले. तेव्हा ज्या भूमीजवळ भोपाळचे विष येऊन जळाले, त्याच भूमीने जगाला विषावाचून शेत पोसण्याची एक वाटही दाखविली आहे. कोणती वाट अधिक रुळवावयाची, हे आपल्या हाती आहे.

घरी आणि शेतावर

विहीर आज स्वच्छ करावयाची आणि भूमी उद्यासाठी सुधारावयाची, अशी दोन्ही कामे आपल्यापुढे आहेत. तेव्हा कुटुंबप्रमुखांनी व गृहिणींनी पुढील गोष्टी मनात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट, यंत्र विकणाऱ्याच्या हातचलाखीला भुलू नये. तो 'टी. डी. एस.' चे काटेवजा यंत्र पाण्यात बुडवून आकडा दाखवितो. तो आकडा विरघळलेल्या क्षारांचा असतो. कीटकनाशकाचा त्यावरून काहीच बोध होत नाही. दुसरा कोणी पाण्यात विजेच्या कांड्या सोडून ते तपकिरी झालेले दाखवितो व 'पाहा, केवढी घाण!' म्हणतो. तो रंग बहुतेक त्याच्याच कांडीतल्या लोखंडाचा असतो.

दुसरी गोष्ट, शंका असल्यास पाण्याची खरी परीक्षा करून घ्यावी. नेहमीच्या तपासणीत कीटकनाशके येत नाहीत. त्यांच्यासाठी विशेष उपकरणांची प्रयोगशाळा लागते, म्हणून तशी स्पष्ट मागणी करावी. नमुना प्लास्टिकच्या नव्हे, तर प्रयोगशाळेने दिलेल्या काचेच्या बाटलीत घ्यावा. फवारणीनंतरच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर घेतलेला नमुना अधिक सांगून जातो. एका घराला हा खर्च जड वाटेल. दहा घरांनी, किंवा धर्मग्रामातील संघटनांनी मिळून तो उचलावा.

तिसरी गोष्ट, यंत्र घ्यावयाचेच तर ते नुसते जंतूंसाठी आहे की विरघळलेल्या विषासाठीही, हे विचारून घ्यावे. नॅनोफिल्ट्रेशन, आर. ओ. आणि सक्रिय कोळशाची गाळणी, ही विषाला धरणारी. कोळसा विषाला आपल्या अंगाला चिकटवून घेतो. पण त्याचे पोट भरले की तो निकामी होतो. आर. ओ. च्या बहुतेक पटलांना क्लोरीन सोसत नाही आणि ते अडविण्याचे काम अलीकडचा कोळसाच करतो. म्हणून वेळेवर न बदललेली कांडी म्हणजे देवाऱ्यातला विझलेला दिवा: जागा अडविते, उजेड देत नाही. शक्य तेथे घरोघरी यंत्रे न घेता वस्तीने एकच चांगले यंत्र सांभाळावे. त्याचे उरलेले पाणी कोठे जाते हे सर्वांच्या डोळ्यांसमोर राहील. ते पाणी विहिरीच्या, कूपनलिकेच्या वा ओढ्याच्या वाटेने कदापि जाऊ देऊ नये.

चौथी गोष्ट सर्वांत सोपी, आणि कदाचित सर्वांत फलदायी. फवारणीचा पंप विहिरीवर किंवा ओढ्यात धुऊ नये. औषध कालवावयाचे ते पाण्याच्या जागेपासून दूर. रिकामा डबा तीन वेळा विसळून ते विसळण फवारणीच्या टाकीतच ओतावे आणि शेतातच संपवावे. डब्याला भोके पाडून तो निकामी करावा. त्यात पाणी, तेल वा लोणचे भरण्याचा मोह धरू नये. चमच्याचा आणि पाच हजार टँकरांचा हिशेब आठवा. विहिरीच्या काठावर सांडणारा तो चमचा वाचविणे, हे चौऱ्याऐंशी एकर पटल पसरण्याहून किती स्वस्त!

पाचवी गोष्ट, यंदा शेताचा एक कोपरा तरी खताच्या ढिगाला द्यावा, ओढ्याच्या काठाने गवताचा पट्टा राखावा, आणि कीड खरोखर पडली आहे हे पाहिल्यावाचून, केवळ शेजाऱ्याने मारले म्हणून, औषध मारू नये. एक फवारणी वाचली तर विष वाचले, पैसाही वाचला. आणि सावकाराच्या वहीतली एक ओळ कमी झाली.

पाण्याशी आपले नाते केवळ तहानेचे नाही. पाण्यानेच आपण स्नानसंस्कारात देवाची लेकरे झालो, आणि प्रत्येक मिस्साबलिदानात द्राक्षारसाच्या प्याल्यात पाण्याचा एक थेंब मिसळला जातो. तो थेंब काही स्वर्गातून निराळा येत नाही. गावाच्या त्याच विहिरीतून, त्याच नळातून येतो. उद्या आपल्या एखाद्या नातवाच्या कपाळावर धर्मगुरू जे पाणी ओततील, ते आज कोणाच्या तरी शेतावरून वाहत आहे. शास्त्रज्ञांनी आपल्याला बारीक जाळे दिले, त्याबद्दल देवाचे आभार मानून ते जरूर वापरावे. मात्र पेला भरून झाल्यावर त्या बारीक नळीच्या मागोमाग जावे, आणि ती कोणाच्या दाराशी संपते हे एकदा डोळ्यांनी पाहून यावे.